बारशाआधीची मुलगी

माझ्या सुनेची बाळंतपणं तीन झाली. आमच्या वाडीत विचाराल तर दोन सांगतील. त्यात त्यांचा दोष नाही. दोनच धरायची हे मी ठरवलं होतं, आणि मी पडलो शाळामास्तर, त्यामुळे आकड्याच्या बाबतीत माझ्यावर कोणी शंका घेत नाही. ते आता मलाच दुरुस्त करायचं आहे आणि परवाच्या आत करायचं आहे.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला, वर पठाराच्या कडेला. नाव लिहीत नाही. घरं बरीच आहेत, माणसं थोडी. निम्म्या दारांना कुलपं, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. मी नोकरीची सगळी वर्षं तालुक्यातल्या शाळांतून काढली आणि निवृत्त होऊन घरी परतलो. तेव्हापासून कोणाचाही कागद आला, कोणी साहेब आला, की वाडी म्हणते, गुरुजींना बोलवा. मलाही ते आवडत आलं आहे.

आमच्याकडे बारशाआधी मूल मोजत नाहीत. पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते, बाराव्या दिवशी नाव ठेवतात. तोवर मूल देवाचं, आपलं नव्हे. त्याच्या आत गेलं तर ‘आलं तसं गेलं’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. पुढे कोणी ‘पोरं किती’ विचारलं तर ते धरायचं नाही. धरलं तर ते पुढच्याला ओढून नेतं, अशी समजूत. माझी आई असंच मोजायची. माझी बायकोही तसंच मोजते. मी वर्गात मुलांना गणित शिकवलं, घरात मात्र हेच चालू दिलं.

सुनेचं पहिलं बाळंतपण थंडीतलं. मुलगा मुंबईला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सुनेला नुकता आठवा लागला होता, चार-आठ दिवसांत तिला माहेरी पोचवायची होती. एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. मी म्हणालो, आठव्यात कुठे कळा येतात, वारा धरला असेल. बायकोने ओवा दिला. दिवेलागणीला वाडीतली सुईण धावत आली तेव्हा मुलगी जवळजवळ बाहेर आली होती.

मुलगी रडली. बारीक आवाजात, पण रडली. मी ओटीवर बसलो होतो, मला नीट ऐकू आलं.

सुईण बाहेर येऊन म्हणाली, “गुरुजी, बकरीच्या पिलाएवढी हाय. खाली न्या दवाखान्यात.” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, “दूध ओढत नाय ती.” मी म्हणालो, “पाचवी होऊ दे. एवढ्याशा जिवाला थंडीत घाट उतरवायचा म्हणजे वाटेतच जायची.” शेजाऱ्याची जीप त्याच्या अंगणात उभी होती. मी हाक मारली असती तर तो जेवणावरून उठून आला असता.

पाचवीच्या आदल्या दिवशी ती गेली. मी एकट्याने तिला वरच्या शेताच्या कोपऱ्यात, ऐनाच्या झाडाखाली पुरलं. सुनेला जागा सांगितली नाही.

ती मुलगी नसून मुलगा असता तर मी जीप आणली असती का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. आणली असती, असं वाटतं.

नंतर आरोग्य उपकेंद्रातली नर्स चौकशीला आली. मी ओटीवरूनच तिला सांगितलं, मेलेलीच जन्मली. जिवंत होती म्हटलं असतं तर ‘मग खाली का आणली नाही’ हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढे नर्स बदलली, आशाताई बदलली, आणि ती मेलेली जन्मलेली मुलगीही कागदावरून गळून पडली. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले ते मुंबईला मुलाजवळ राहत असताना. नातू तिकडेच झाला, थोडा लवकर झाला, पण वाचला. मी वाडीत सांगत फिरलो, मुंबईचं पाणी मानवलं. मायलेक इकडे परत आले, नातू शाळेत जायला लागला, आणि गेल्या पावसाळ्यात सुनेला पुन्हा दिवस गेले. उपकेंद्रात नाव घालायला मी बरोबर गेलो होतो. नव्या नर्सने विचारलं, कितवी खेप? मी म्हणालो, दुसरी. सून शेजारी उभी होती.

दिवाळी होऊन गेली, नाचणी कापणीला आली, आणि पाहणीवाले वाडीत आले. कुटुंबाच्या, आयांच्या आणि मुलांच्या आरोग्याची ही देशभरची घरोघर पाहणी. जीपमधून एक साहेब, दोन मुली, वजनाचा काटा, उंची मोजायची फळी आणि बोटाला टोचून रक्त तपासायची पेटी उतरली. मुलींच्या हातांत टॅब होते. साहजिकच मला बोलावणं आलं. घरांवर खडूने नंबर घालत आम्ही निघालो.

“ह्या घरात कोण राहतं?” त्या दोघींतली मोठी मुलगी विचारायची. बोलण्यावरून ती पेण-अलिबागकडची वाटली.

“कुलूप,” मी म्हणायचो.

चौथ्या-पाचव्या कुलपाला ती म्हणाली, “गुरुजी, ह्या कुलपाचं वय काय लिहू?”

“लिहा सत्तावीस. मालक गेला तेव्हा नवीन होतं.”

माझी एक चुलत वहिनी आहे, माझ्यापेक्षा मोठी, तिची जीभ अजून तरुण आहे. ती वाटेतच उभी राहिली. “माझं इचार की गो. मला आठ झाली.”

“आजी, आमच्याकडे एकोणपन्नास वर्षांपर्यंतच्या बायकांनाच विचारतात.”

“म्हंजे पन्नास लागली आन माझी पोरं पुसली काय?”

दोन्ही मुली हसायला लागल्या. वहिनी काही हसली नाही. “नाय, खरंच सांग. पुसली काय?”

निवडलेल्या घरांत आमचं घर निघालं. पहिले प्रश्न घराचे, ते मी हौसेने सांगितले. पाणी कुठून आणता, चूल की गॅस, संडास आहे का, मच्छरदाणी आहे का. मग घरात राहतं कोण. मी मुलाचं नाव घेतलं.

“ते काल रात्री इथे झोपले होते?”

“तो मुंबईला असतो. सणाला येतो.”

“मग त्यांना इथे धरता येणार नाही.”

बायको चुलीपाशी होती, ती बाहेर आली. “घर त्याच्या नावावर, कौलं त्यानं घातली, आन तो घरात नाय?”

“आजी, ते मुंबईत मोजले जातील.”

“मुंबैत त्याला कोण वळखतो?” ती म्हणाली आणि रागाने आत गेली.

मग बायकांचे प्रश्न आले. मोठी मुलगी म्हणाली, “गुरुजी, आता फक्त ताईंशी बोलायचं आहे. बाकी कोणी जवळ नको.” मी “बरं” म्हटलं आणि ओटीवर जाऊन बसलो. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये आमच्याकडे दार उघडंच असतं. बाहेर जाणं म्हणजे ओटीवर जाणं, हे मला इतकं सवयीचं होतं की आपण ऐकतो आहोत हे ध्यानातही आलं नाही.

आतून प्रश्न ऐकू आला. मुलं किती झाली?

मी बाहेरून म्हणालो, “एक मुलगा आहे. आणि आता दिवस गेलेत, पाचवा चालू आहे.”

“गुरुजी, त्यांना सांगू द्या.”

थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न विचारला, पहिल्यापेक्षा हळू आवाजात. “जन्मलं तेव्हा रडलं, श्वास घेतला, हाललं-डोललं, आणि नंतर गेलं, असं एखादं मूल झालं होतं का? मग ते थोडाच वेळ जगलेलं असलं तरी चालेल.”

मला सुनेच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. ती काहीतरी सांगणार होती.

“नाही,” मी म्हणालो.

मी ठरवून बोललो नव्हतो. शाळेत हजेरी घेताना एखाद्याच्या वतीने दुसराच ‘हजर’ म्हणतो, तसं तोंडातून गेलं. मग ती मुलगी टॅब बंद करून बाहेर आली आणि अंगणाच्या कडेपर्यंत मला घेऊन गेली.

“गुरुजी, परीक्षेला मुलांना उत्तरं सांगायचात का?”

“नाही.”

“मग? मी उद्या परत येते. तेव्हा तुम्ही घराजवळ नको.” ती चिडलेली नव्हती. तिला अजून दोन घरं करायची होती.

संध्याकाळी मी गोठ्यात गवत टाकत होतो. सून पाण्याची बादली घेऊन आली, ती ठेवली आणि परत गेली नाही. ती मला मामा म्हणते, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात.

“मामा, तिनं इचारलं तवा मी सांगणार व्हते. तुमीच बोललाव आधी.”

“वाडीत कळलं असतं.”

“वाडीला काय म्हाईत नाय? सुईणीला म्हाईत हाय. तुमची वहिनी दोन घरं टाकून राहते, तिला काय पोरीचं रडणं आयकू आलं नाय?” तिने पदराला हात पुसले. “मुंबैत मी खरं सांगितलं व्हतं. पहिली आठव्यात झाली, तीन दिस जगली, सगळं. म्हणून त्यांनी माझं नाव येगळं काढलं, सारखं बोलवायचे, शेवटी ठेवूनच घेतलं. सुया दिल्या. पोरगा लवकर आला तरी दवाखान्यातच आला. म्हणून हाय तो.”

“मग इथे नर्सला का नाही सांगितलंस?”

“हितं तुमी हाव,” ती म्हणाली.

मी गवताचा भारा सोडत राहिलो. ती जायला वळली आणि थांबली. “आन वरच्या शेतात त्या ऐनाखाली तुमी नांगर घालत नाय. मी कधी इचारलं काय? मला दिसतंय की.”

मला वाटत होतं की मी एक गोष्ट लपवून ठेवली आहे. खरं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ती माहीत होती आणि माझ्यासाठी सगळे ती लपवत होते. आणि आता सुनेच्या पोटात तिसरं होतं, आणि खाली उपकेंद्राच्या कागदावर ही बाई दुसऱ्या खेपेची, तक्रार काही नाही, अशी नोंद होती. तो आठवा परत येणार होता. घाट तोच आणि मीही तोच. गोठ्यातून बाहेर येईपर्यंत माझं ठरलं होतं.

सकाळी बायकोला सांगितलं, आज घर रिकामं करायचं, सगळ्यांनी नाचणी कापायला चलायचं, सून तेवढी घरी राहील. ती समजली.

“मोजू नये,” ती म्हणाली. “पोटात वाढतंय. मेलेलीचा विषय कशाला काढताव?”

“मुंबईला मोजली होती.”

“कोणी?”

“सुनेने. तरी नातू शाळेत जातोय.”

बायको बराच वेळ चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. तिच्या जवळ जे होतं ते सगळं मी एका वाक्यात काढून घेतलं होतं, आणि त्याचं मला बरं वाटत नव्हतं. तिचीही दोन गेली होती बारशाआधी. ती माझीही होती. ती आम्ही कधी कोणाला सांगितली नाहीत. शेवटी ती उठली, कोयता घेतला आणि माझ्या पुढे चालू लागली.

वहिनी घराकडे फिरकली असती म्हणून तिलाही बोलावलं. “माझी कापून झाली,” ती म्हणाली.

“मग माझी काप.”

“मजुरी?”

“चहा देतो.”

“मास्तरकी केलीस जन्मभर, आन देतोस काय तर चहा,” असं म्हणत ती आली.

वरच्या शेतातून आमचं घर दिसतं. जीप आली, मुलगी अंगणातून आत गेली. मी तिकडे बघत नव्हतो असं म्हणणार नाही. कणसं कापत होतो आणि बघत होतो. आम्ही ऐनाच्या कोपऱ्यापाशी आलो तेव्हा बायकोने तिथलं गवत हाताने बाजूला केलं, पाहिलं आणि पुन्हा तसंच ठेवलं. बराच वेळ गेला. मुलगी बाहेर आली तेव्हा सून तिला अंगणापर्यंत पोचवायला आली होती. दोघी उभ्या राहून बोलत होत्या, आणि सून हात हलवून काहीतरी दाखवत होती, एवढं एवढं, असं.

पण त्याने काम संपलं नव्हतं. पाहणीत सांगितलेलं कोणाला कळत नाही, नर्सलाही नाही, हे त्या मुलीने आधीच स्पष्ट केलं होतं. देशाच्या हिशेबात माझी नात आली. सुनेच्या उपकेंद्रातल्या कागदावर ती अजून नव्हती. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, मी खाली जाऊन सांगून येतो.

सून म्हणाली, “तुमी नको सांगू. मी सांगीन. तुमी फकस्त बरोबर चला.”

शेजाऱ्याच्याच जीपने आम्ही उतरलो. नर्सने ऐकून घेतलं आणि आम्हाला महाडला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, मूल जिवंत जन्मलं होतं? सून म्हणाली, “रडली व्हती. तीन दिस व्हती.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “उपकेंद्रात तर तुम्ही दुसरी खेप सांगितलीत.”

“मी सांगितलं. खाली आणायचं नाही हेही मीच ठरवलं होतं.”

मला वाटलं होतं त्या काही बोलतील. त्या लिहीत होत्या. लिहून झाल्यावर सुनेला म्हणाल्या, “सातवा सरायच्या आत पठारावरून खाली या. इथेच राहायचं, दवाखान्याजवळ. वर राहिलात तर मी जबाबदारी घेणार नाही.”

राहायचं कुठे? मुलाला रजा मिळेना. बायकोला गुरं आणि नातवाची शाळा. सुनेचे आईबाप थकलेले. राहिलो मी. औद्योगिक वसाहतीकडच्या रस्त्याला कामगार भाड्याने राहतात तशी एक खोली घेतली, मध्ये पडदा लावला. वाडीत ऐकून घेतलं ते वेगळंच.

वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं, “काय रे मास्तर, सासरा सुनेचं बाळंतपण कराया चालला? शेक-शेगडी येते काय तुला?”

“शिकेन,” मी म्हणालो.

“डिंकाचे लाडू?”

“ते तू दे.”

तिने दिलेही, डबा भरून, माझ्या हातात न देता सुनेच्या.

महाडच्या त्या खोलीत मी भात करायला शिकलो, म्हणजे खाता येईल असा. कारखान्यांची पाळी सुटली की मोटारसायकली जायच्या, त्यांच्या आवाजावर आमची वेळ कळायची. मुलगा सुट्टी मिळेल तेव्हा वीर स्टेशनला उतरून रिक्षाने यायचा. सुनेने एकदाही मला मागचं बोलून दाखवलं नाही. तपासणीला गेलो की मी दाराबाहेर थांबत असे, दार लावून घेत असे. एकदा आतून नर्सने मोठ्याने विचारलं, आजोबा, हिला पहिल्या वेळी कळा कधी सुरू झाल्या? मी म्हणालो, “तिलाच विचारा.”

कळा आठव्यात आल्या, दुपारच्या, मागच्यासारख्याच. सून जेवत होती. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “मामा, रिक्षा.” मी पायांत चपला न घालता रस्त्यावर गेलो. रिक्षावाला नुकताच वीरची सवारी सोडून परत येत होता. वाट दहा मिनिटांचीसुद्धा नव्हती.

मुलगी झाली. पहिलीपेक्षा थोडी मोठी, म्हणजे फार नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सुरुवातीला तीही दूध ओढत नव्हती, नळीने देत होते. बायको वरून आली, गोधडी घेऊन. काचेबाहेर उभी राहिली तेव्हा तिथल्या नर्सने तिला सहज विचारलं, “आजी, कितवं नातवंड?”

मी गप्प राहिलो. बायकोने हातातल्या गोधडीची घडी नीट केली. मग म्हणाली, “हिला इचारा. हिची हायेत.”

“तिसरं,” सून म्हणाली.

पाचवी पेटीतच झाली. काल मुलीला पेटीतून बाहेर काढून आईजवळ दिली आहे. आता ती स्वतः ओढते, दमते, झोपते, पुन्हा ओढते. परवा बारावा दिवस आहे. बायको मला आजही बजावून गेली, बारसं होईपर्यंत काही लिहू-बोलू नका. तिचं मी पुष्कळ ऐकलं आहे, आणि पुष्कळदा तिच्या आडोशाला स्वतःही लपलो आहे. ह्या बाबतीत नाही ऐकणार. नाव ठेवायच्या आत लिहितो आहे, मुद्दाम.

माझ्या सुनेला तीन मुलं. मोठी मुलगी, आठव्या महिन्यात झाली, जन्मल्यावर रडली, तीन दिवस जगली. मी तिला दवाखान्यात नेलं नाही. वरच्या शेतात ऐनाखाली आहे. मधला मुलगा, दुसरीत शिकतो. धाकटी मुलगी, बारसं व्हायचं आहे.